चोवीस फेऱ्यांची कॉईल

मैनाच्या पोटातून डॉक्टर अनुपमांनी हात बाहेर काढला, तेव्हा त्यांच्या मुठीत काय असेल याचा अंदाज गोठ्यात उभ्या असलेल्या कुणालाच नव्हता. आठ दिवस गाय पाठीला पोक काढून उभी होती. पुढचे दोन्ही कोपर बाहेर फाकवलेले, चाऱ्याला तोंड नाही, दूध निम्म्यावर आलेलं. डॉक्टरीणबाई शिरूरहून आल्या आणि त्यांनी मैनाच्या खांद्यामागची कातडी चिमटीत धरून जोरात दाबली. निरोगी गाय अशा वेळी पाठ खाली झुकवते. मैना झुकली नाही, नुसती कण्हली. "पोटात लोखंड गेलंय," डॉक्टर म्हणाल्या, आणि तिथंच, उभ्या गाईच्या डाव्या कुशीला भूल देऊन त्यांनी पोट उघडलं.

मुठीतून निघाला एक गंजका खिळा आणि बारीक तारांचा एक झुबका.

"खिळा बोथट आहे, त्यानं काही केलं नसतं," त्या म्हणाल्या. "टोचत होत्या या तारा. अजून दोन बोटं पुढं सरकल्या असत्या तर काळजालाच लागल्या असत्या."

पोट शिवायच्या आधी त्यांनी बोटाएवढा एक चुंबक आत ठेवला. तो आता जन्मभर तिथंच राहणार होता, म्हणजे पुन्हा काही लोखंड पोटात गेलं तर त्यालाच चिकटून बसेल. निघताना त्यांनी तारांचा झुबका फेकायला म्हणून पुढं केला. तो सुषमानं मागून घेतला, हौदावर धुतला आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवला.

सुषमा ही मैनाच्या मालकाची, गेणबाची सून. रांजणगावच्या एका कारखान्यात पंख्याच्या मोटारी बनत, तिथल्या वाइंडिंग खात्यात ती अकरा वर्षं होती. पहाटे आपल्या गावच्या, न्हावऱ्याच्या फाट्यावरून कंपनीची बस धरायची आणि दिवसभर तारेशी खेळायचं. मशिनवर तार गुंडाळताना कुठं ढिली पडली, कुठं चरचरली, हे तिला आवाजावरून कळे. त्यामुळं तार दिसली की ती कोणती, कशाची, किती जाडीची हे मनात आल्याशिवाय राहत नसे. पण ही तार तिला ओळखू येईना.

गेणबाला मात्र शंकाच नव्हती. "हौसरावाची तार हाय ही," तो म्हणाला. "त्याच्या कुंपणाची."

हौसराव हा बांधाला बांध लागून असलेला शेजारी. त्याच्या उसाची तोड सुरू झाली की वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गेणबाच्या गाईंना येत. वर्षानुवर्षं चालत आलेलं. गेल्या साली रानडुकरांच्या त्रासानं हौसरावानं उसाभोवती तारेचं कुंपण घातलं. मजुरांनी तारा तोडल्या, तुकडे तिथंच टाकले. चैत्रात गेणबाची सोनी नावाची गाय अशीच खंगून मेली होती, तेव्हा कारण कळलं नव्हतं. आता मैनाच्या पोटातून तार निघाली आणि गेणबाच्या डोक्यात दोन्ही गोष्टी जुळल्या.

"आबा, कुंपणाची तार जाड असती," सुषमा म्हणाली. "तिला जस्ताचा मुलामा असतो. ही केसासारखी हाय."

"तार ती तार."

दुसऱ्या दिवशी दूध घालायला गेलेला गेणबा डेअरीवर चारचौघांत बोलून आला. संध्याकाळपर्यंत ते हौसरावाच्या कानावर गेलं. त्यानं निरोप पाठवला, की एवढं असेल तर उद्यापासून आमच्या वाढ्याला हात लावू नका. गेणबा म्हणाला, नाहीच लावत. झालं. एका दिवसात बांध भिंतीएवढा उंच झाला.

सुषमानं बरणीतली एक तार कागदात गुंडाळून कंपनीत नेली. जेवणाच्या सुट्टीत मायक्रोमीटरमध्ये धरली. पाव मिलिमीटर. तपासणीच्या भिंगाखाली पाहिली तर गंजाच्या आत कुठं कुठं पिवळं चमकत होतं, सोन्यासारखं. तिला आधी वाटलं, तांबं असेल. पण टेबलावरचा चुंबक जवळ नेला तर तार टुणकन उडून चिकटली. तांबं चुंबकाला चिकटत नाही. म्हणजे आत पोलाद आणि वर पितळेचा हात. अशी तार पंख्यात नसते, कुंपणात नसते, बांधकामाला वापरतात त्या बाइंडिंगच्या तारेतही नसते. मग ती न्हावऱ्यात एका गाईच्या पोटात कशी आली?

हा प्रश्न तिच्या मागंच लागला. भाकरी थापताना, बसच्या खिडकीशी बसल्यावर, मशिनवर रीळ बदलताना, सारखा तोच.

टाके काढायला डॉक्टर अनुपमा आल्या तेव्हा तिनं विचारलं, "मॅडम, बाकीच्या गाईंच्या पोटात असंल तर ते आधीच कसं कळायचं?"

"मोठ्या दवाखान्यात एक यंत्र असतं. बाहेरून फिरवलं की आत लोखंड असेल तर वाजतं. माझ्याकडं नाही. मेटल डिटेक्टरच तो, देवळाच्या दारात अंगावरून फिरवतात तसला. फक्त तो वरवरचं ओळखतो, आपल्याला वीतभर आतलं कळायला हवं."

"मग त्याला मोठी कॉईल लागंल," सुषमा म्हणाली.

डॉक्टरांनी हातातली कात्री थांबवून तिच्याकडं पाहिलं. "असेल. मला त्यातलं काही कळत नाही."

सुषमाला कळत होतं. निदान कॉईल, म्हणजे तारेचं वेटोळं, कसं करायचं ते कळत होतं.

सुट्टीच्या दिवशी तिनं स्कूटी काढली आणि दौंड गाठलं. तिचे मामा हरिबा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले. घराच्या पडवीत इन्व्हर्टर, रेडिओ, मिक्सर असं काही ना काही उघडून बसलेले असत. भाचीचं सगळं ऐकून घेतल्यावर ते उठले आणि फळीवरून बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा काढून आणला. आत हिरवी सर्किटची पट्टी, बॅटरीची जागा आणि छोटा स्पीकर.

"नदीपल्याडचा एक जण घेऊन आला व्हता," मामा म्हणाले. "गुप्तधन काढायचं व्हतं त्याला. पट्टी मागवली, पर कॉईल आपली आपण करायची असती ह्यात. त्यानं कशीबशी केली. महिनाभर माळावर हिंडला आन् सोड्याच्या बाटल्यांची बुचं घेऊन आला. म्हणला, मामा ठेवा तुमच्याकडंच."

"कॉईलला किती फेरे लागतात?"

"कागद व्हता त्याच्याबरुबर. उंदरांनी खाल्ला."

गावातल्या मोटार-रिवाइंडिंगच्या दुकानातून तिनं इनॅमलची तांब्याची तार आणली. आकार किती ठेवायचा? गाईच्या पुढच्या पायामागं, छातीला टेकेल एवढा, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढा. मामींच्या ताटाच्या कडेवरून तिनं तार गुंडाळायला घेतली. कंपनीतला हिशेब एकच, फेरे वाढले की जोर वाढतो. तिनं साठ फेरे घातले, एकाला एक चिकटवून, नीटनेटके. ताट अलगद काढून घेतलं, सुती दोऱ्यानं कडं बांधलं आणि दोन टोकं पट्टीला डाग देऊन जोडली. मामांनी बॅटरी लावली.

स्पीकरमधून एकसारखी टिकटिक सुरू झाली. सुषमानं एक खिळा कॉईलजवळ नेला. टिकटिक तशीच. खिळा कॉईलच्या मधोमध धरला. तशीच. मामींचा तवा आणून धरला तेव्हा जराशी घाई झाल्यासारखं वाटलं, तेही खरं का खोटं कळेना.

"जोडणी चुकली का?" तिनं विचारलं.

मामांनी सगळं तपासलं. जोडणी बरोबर होती. ते बराच वेळ कॉईल हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "हे बघ. ही पट्टी कॉईलला एक झटका देती. कॉईल म्हंजी जणू हाक मारती. मग गप व्हायचं आन् ऐकायचं. समोर धातू असंल तर हाक संपल्यावर त्याचा बारीकसा आवाज माघारी येतो. असं सेकंदाला शेकडो वेळा. आता तू फेरे घातलेस साठ. हाकेला जोर आला, पर ती लवकर संपंना. ऐकायची वेळ आली तरी हिचं आपलं वरडणं चालूच."

सुषमाला हे इतकं पटलं की ती हसली. अकरा वर्षं ती तारेला जोर लावायला शिकली होती. गप करायला शिकली नव्हती.

मग तिनं रीतच धरली. मामांची लाकडी फूटपट्टी जमिनीवर ठेवली, एका टोकाला कॉईल. दहा फेरे उलगडायचे, टोक खरवडून पुन्हा जोडायचं, आणि खिळा फूटपट्टीवरून हळूहळू जवळ आणत बघायचं, की टिकटिक कुठं दाट होते. पन्नास फेऱ्यांना काही नाही. चाळीसला खिळा कॉईलला टेकल्यावर जेमतेम. तीसला चार बोटांवरून. आता ती दोन-दोन फेरे काढू लागली. सव्वीस, चोवीस. चोवीसला खिळा वीतभर लांब असतानाच टिकटिक दाट झाली, आणि जवळ येता येता तिची शिट्टी झाली. अठरा केले तर आवाज पुन्हा दुबळा. तिनं नवी तार घेऊन परत चोवीस फेरे घातले. मामी दारात उभ्या राहून विचारत होत्या, की माझं ताट मिळंल का आता.

"दहाचं दोन वाजलं की," मामा म्हणाले. दोघांनीही जेवण केलं नव्हतं.

तारा हलल्या की उगाच वाजतं हेही त्यांच्या ध्यानात आलं. म्हणून पाण्याच्या पिंपाच्या प्लास्टिकच्या झाकणात कॉईल बसवली, वरून वॉर्निश ओतून गच्च केली आणि झाकणाला प्लास्टिकच्या पाइपचा दांडा लावला. कुठंही स्क्रू नाही, खिळा नाही. संध्याकाळी ते यंत्र पायांत ठेवून ती न्हावऱ्याला परत आली. वाटेत मांडवगण फराट्याला एका ओळखीच्या बाईनं विचारलं, "पंखा का गं हा?" सुषमा म्हणाली, "व्हय, तसलंच."

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी संपवून ती साडेचारला घरी पोचली आणि थेट गोठ्यात गेली. यंत्र चालू केलं मात्र, त्यानं असा गळा काढला की गाई दावणीला ओढू लागल्या. गोठ्याचे खांब लोखंडी, पत्रा लोखंडी, साखळ्या लोखंडी. इथं काय ऐकू येणार?

"शेतात न्यायला पायजे," ती म्हणाली.

गेणबा बाजेवर बसून बघत होता. त्याची जवानी मेंढरांमागं गेली होती. बापाबरोबर कोकणाच्या तोंडापर्यंत जाऊन आलेला माणूस. आता चार एकर आणि पाच गाई, पण जनावराकडं बघायची नजर जुनीच. "जनावर उभं कसं राहतं त्यावरनं म्या सांगतो," तो म्हणाला. "ह्या झाकणाला काय कळणार?" पण उठला, साखळ्या काढल्या, सुती दोरखंड बांधले आणि गाई एकेक करून कांदा निघालेल्या मोकळ्या वावरात आणल्या. सुषमानं घड्याळ काढून ठेवलं, गळ्यातलं मंगळसूत्र पाठीवर टाकलं.

आधी मैना. डाव्या पायामागं झाकण टेकवताच शिट्टी वाजली. ते ठीकच होतं, आत डॉक्टरांचा चुंबक होता. यंत्र चालतंय एवढं कळलं. मग हरणी. शिट्टी. मग ढवळी. शिट्टी. मग राणी, जी रोज बारा लिटर दूध देत होती आणि जिला कधी शिंकही आली नव्हती. तिलाही शिट्टी.

गेणबा हसला. "तुझं यंत्र गाय बघितली की वरडतंय. उद्या म्हैस बघून रडंल."

सुषमालाही तसंच वाटलं. तिनं झाकण हवेत धरलं. शांत टिकटिक. राणीच्या पाठीवर धरलं. शांत. पोटाच्या मागच्या बाजूला. शांत. पायामागं नेलं की शिट्टी. तिनं गेणबाच्या छातीशी धरलं, तर जोरात वाजलं. गेणबा दचकला. मग त्यानं खिशातून चुन्याची डबी काढून बांधावर ठेवली. पुन्हा धरलं, शांत.

राहिली गौरा. तीन महिन्यांपूर्वी काष्टीच्या बाजारातून आणलेली. तिच्या पायामागं झाकण धरलं. काहीच नाही. सुषमानं दाबून धरलं, थोडं पुढं नेलं, थोडं मागं. नुसती टिकटिक. मग राणीचं वासरू आणलं. तेही शांत.

आता गेणबा हसत नव्हता. तो दोघींच्या मधे येऊन उभा राहिला, राणीकडं पाहिलं, गौराकडं पाहिलं. मग पुढं होऊन राणीच्या खांद्यामागची कातडी त्यानं चिमटीत दाबली. राणी झुकली, पण कचरत, अर्धवट. गौराची दाबली. ती झटकन झुकली.

"हिच्या पोटात हाय कायतरी," तो राणीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला. "अजून टोचलं न्हाई, पर हाय."

"आबा, गौरा आन् वासरू काय खात न्हाईत, जे बाकीच्या खातात?"

"पेंड सगळ्यांस्नी. कडबा सगळ्यांस्नी."

"वाढं?"

"वाढं तर गौरा लई आवडीनं खायची. हौसरावाकडनं येत व्हतं तवर..." तो बोलता बोलता थांबला.

"मग?"

"मुरघास," गेणबा हळू आवाजात म्हणाला. "वासराला आपण देत न्हाई, आन् गौरा त्याला तोंड लावत न्हाई. आंबूस वास येतो म्हणून फुरफुरती नुसती."

गौरानं तीन महिने हौसरावाचं वाढं खाल्लं होतं आणि तिचं पोट साफ होतं. गेणबानं डेअरीवर जे सांगितलं होतं, ते त्याच्याच तोंडून आत्ता खोटं ठरलं होतं.

मुरघासाचा खड्डा गोठ्याच्या मागं होता. हिरवा मका कुट्टी करून खड्ड्यात दाबायचा, वर प्लास्टिक घालायचं आणि वजन ठेवायचं, म्हणजे तो महिनोन् महिने टिकतो. सुषमानं वरच्या थरातला मुरघास प्लास्टिकच्या घमेल्यात भरून वावरात आणला, जुन्या ताडपत्रीवर पातळ पसरला आणि अगदी टेकवून कॉईल फिरवू लागली. पहिल्या घमेल्यात काही नाही. दुसऱ्यात टिकटिक एका जागी दाट झाली. तिनं बोटांनी कुट्टी बाजूला केली. मक्याच्या पातीसारखंच पिवळट काहीतरी दिसलं. उचललं. चार-पाच बारीक तारा एकमेकींत पिळलेल्या, करंगळीएवढा तुकडा. गंज चढलेला नव्हता. उन्हात तो सोन्यासारखा चमकत होता.

"मेंढरू असतं तर त्यानं हे सोडलं असतं," गेणबा वाकून बघत म्हणाला. "मेंढरू ओठानं निवडून खातं. गाय जिभंनं ओढती आन् गिळती."

तळाच्या थरातून आणलेल्या घमेल्यांत काहीच सापडलं नाही. वरच्या थरातल्या तीन घमेल्यांत मिळून सात तुकडे निघाले. म्हणजे तार मक्याबरोबर आलेली नव्हती, कुट्टी यंत्रातूनही नाही. वरून पडत होती. सुषमा खड्ड्याच्या काठावर उभी राहिली आणि वर काय आहे ते पाहू लागली.

प्लास्टिकवर तीस जुने टायर रचलेले होते.

ती खाली उतरली आणि एका टायरला हात लावला. दोन उन्हाळ्यांत रबर तडकून गेलं होतं. कडा भेगाळल्या होत्या आणि भेगांतून बारीक पिवळ्या तारा बाहेर आल्या होत्या, दाढीचे खुंट यावेत तशा. तिनं एक ओढली. कटकन तुटून ती प्लास्टिकवर पडली. रोज सकाळी मुरघास काढताना टायर उचलायचे, बाजूला फेकायचे, परत ठेवायचे. दर वेळी थोड्या तारा मोडत असणार.

हे टायर तिनंच आणायला लावले होते. मोबाइलवर परदेशातल्या एका गोठ्याचा व्हिडिओ बघितला होता, त्यात खड्ड्यावर टायर ओळीनं मांडलेले. किती छान दिसत होतं. तिचा नवरा रविराज दुधाचा टँकर चालवायचा. त्याच्या मागं लागून तिनं हायवेवरच्या पंक्चरवाल्यांकडून तीस टायर जमवून आणले होते. लोक बघायला आले होते तेव्हा.

सोनी चैत्रात मेली. टायर येऊन तेव्हा एक वर्ष झालं होतं.

ती खड्ड्याच्या कडेला बसून राहिली. गेणबा आला, त्यानंही टायर पाहिले आणि तिच्या हातातली तार पाहिली. त्याला समजावून सांगायची गरज पडली नाही.

"माझ्यानं झालं हे, आबा," ती म्हणाली.

"तू सांगितलंस, रवीनं आणलं, म्या रचलं," गेणबा म्हणाला. "तिघांचं हाय ते. सोनीचं आता काय करता येत न्हाई." मग डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "पर हौसरावानं बी रचल्यात. आपलं बघून."

सुषमा उठून उभी राहिली. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

हौसराव गोठ्याच्या ओट्यावर बसला होता. दोघांना येताना पाहून त्यानं या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. त्याची बायको मुक्ताबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली, तेवढंच. गेणबा उभ्यानंच बोलला.

"तार तुझी न्हवती."

"म्या तेच म्हणत व्हतो."

"डेअरीवर उद्या सांगतो. तिथंच, चारचौघांत."

त्याची नजर सुषमाच्या हातातल्या झाकणावर होती. "हे काय म्हणायचं?"

सुषमानं बरणीतली तार आणि टायरची तार शेजारी शेजारी ठेवून त्याच्या तळहातावर दिली. सगळं सांगितलं, टायर तिच्या सांगण्यावरून आले हेही. "आप्पा, तुमच्याकडंबी तेच टायर हायेत. एकदा गाई बघू द्या."

हौसरावानं दोन्ही तारा चिमटीत धरून उजेडात पाहिल्या. मग त्यानं हाक मारून गडी बोलावला आणि गाई वावरात सोडायला सांगितल्या.

अकरा गाईंपैकी सात वाजल्या. मुक्ताबाई एकेका गाईचं नाव सांगत होती आणि वाजली की तिच्या कपाळाला हात लावत होती. सातवी जी वाजली ती काळीभोर, धिप्पाड गाय. हिचा आवाज सगळ्यांत मोठा. झाकण हातभर लांब असतानाच शिट्टी झाली.

"ही तर चारच म्हैने झालं आणलीय," हौसराव म्हणाला. "मांडवगणातनं. आन् अंगानं बघ की, कुठं आजारी दिसती?"

सुषमाला तो आवाज वेगळा वाटला. मैनाला वाजला होता तसा भरीव. तिनं मोबाइल काढला, त्यातलं होकायंत्र उघडलं आणि गाईच्या पायामागं नेलं. पडद्यावरची सुई उत्तर सोडून गाईच्या पोटाकडं वळली. ती दुसऱ्या बाजूला गेली. सुई पुन्हा पोटाकडं.

"आप्पा, हिच्या पोटात चुंबक हाय. कुणीतरी आधीच घातलाय."

हौसरावानं तिथल्या तिथं विकणाऱ्या माणसाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडचा म्हणाला, की गाय मूळ त्याच्या चुलतीची, धुरपदाबाईंची. त्यांनी दवाखान्यातून कसलंसं मॅग्नेट घालून घेतलं होतं खरं, विकताना सांगायचं राहून गेलं.

"सांगितलं असतंस तर म्या दोन पैसं जास्त दिलं असतं," हौसराव म्हणाला. गेणबा हसला, आणि मग हौसरावही. मुक्ताबाई चहा ठेवायला आत गेली.

चार दिवसांनी डॉक्टर अनुपमा चुंबकांची पिशवी घेऊन आल्या. मैना आणि ती काळी गाय सोडून दोन्ही गोठ्यांतल्या वाजलेल्या गाईंच्या घशाखाली एकेक चुंबक उतरवला. हौसरावाच्या एका गाईची चिमटीची परीक्षा त्यांना आवडली नाही, तिचं पोट उघडावं लागलं. आतून निघाल्या त्या सोनेरी तारा. गाय वाचली. टायर दोन्ही खड्ड्यांवरून उतरले आणि त्यांच्या जागी मातीनं भरलेल्या सिमेंटच्या गोण्या आल्या. वरचा हातभर मुरघास लांब नेऊन पुरला. गेणबा डेअरीवर जाऊन बोलला, आणि घरी येऊन म्हणाला, की तिथं सोळा जण होते, त्यांतल्या पाच जणांकडं टायर आहेत. सुषमाच्या पुढच्या दोन सुट्ट्या त्या पाच गोठ्यांत गेल्या.

मैना हळूहळू रुळली. दूध आधीइतकं झालं नाही, पण खाऊ लागली, उतारावरून न कचरता चालू लागली.

डॉक्टरांना यंत्र हवं होतं, गाडीत कायमचं ठेवायला. "फक्त एक अडचण आहे," त्या म्हणाल्या. "हे गोल आहे ना, त्यामुळं गाईच्या कोपरात अडकतं. लांबट करता येईल का?"

सुषमाला ते माहीत नव्हतं. लांबट कॉईल गोल कॉईलसारखीच ऐकते का? फेरे चोवीसच लागतील, की आकार बदलला की तेही बदलतील? दौंडला फोन लावला तर मामा म्हणाले, "मलाबी ठाव न्हाई. करून बघ आन् मला सांग."

रविवारी सकाळी तिनं अंगणात एक फळी आडवी टाकली, तिच्यात दोन खिळे ठोकले, त्यांच्याभोवती दोऱ्याचा सैल फास घातला आणि फासात पेन्सिल अडकवून ती ताणत फिरवली. फळीवर कोयीच्या आकाराचा लांबट वळसा उमटला. गेणबा शेजारी येऊन उकिडवा बसला.

"हे खिळं काढशील ना आठवणीनं?" त्यानं विचारलं.

"काढीन," ती म्हणाली, आणि तारेचं रीळ जवळ ओढून पहिला फेरा घातला.